मास्तरांची दीक्षा आणि मागचा बाक

दीक्षा हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. लाखो माणसं एका मैदानात उभी. पुढे बाबासाहेब, आणि त्यांच्यामागून लाखोंच्या तोंडून बावीस प्रतिज्ञा. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांनीही त्या म्हटल्या, शेजारच्याच्या कानावर पडतील अशा म्हटल्या, आणि गावी जाऊन घरातले देव नदीत नेऊन सोडले. म्हटलेलं करावंच लागलं. कारण म्हणताना शेजारच्यानं ऐकलं होतं.

आता सरकारचीही एक दीक्षा आहे. ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षक दिनाचा मुहूर्त साधून, दिल्लीनं ती सुरू केली. ही दीक्षा मोबाईलमध्ये राहते. इंग्रजी अक्षरं जुळवून तिचं नाव बनवलंय. देशभरच्या मास्तर-मास्तरणींनी तिच्यावर जायचं, लॉगिन करायचं, व्हिडिओ बघायचे, पानं वाचायची, चाचणी द्यायची आणि सर्टिफिकेट घ्यायचं. तिच्या जोडीला दुसरं नाव 'निष्ठा'. हा कार्यक्रम २१ ऑगस्ट २०१९ ला सुरू झाला तेव्हा समोरासमोर बसून शिकवायचा होता, ४२ लाख शिक्षकांना घडवायचा संकल्प होता. मग कोरोना आला, आणि ऑक्टोबर २०२० पासून निष्ठासुद्धा मोबाईलमध्ये गेली. प्राथमिकच्या शिक्षकांसाठी अठरा घटक. पुढे माध्यमिकचे वेगळे, पायाभूत वाचन-गणिताचे वेगळे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर सांगूनच टाकलं की प्रत्येक शिक्षकानं दरवर्षी किमान ५० तास असं काही ना काही शिकत राहावं. आणि हे सगळं स्वयंगतीनं. म्हणजे आपापल्या सोयीनं, आपापल्या वेगानं. समोर गुरुजी नाही, शेजारी कुणी नाही, प्रश्न विचारणारा नाही. तू आणि तुझा मोबाईल.

मास्तरांनी मोबाईलवर काय बघावं याच्याशी गोदीत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्याचा काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे दोस्तहो. ज्यांची ऐपत होती त्यांनी आपली पोरं महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून कधीच काढून नेली. मागं राहिली ती बहुतेक आपली. दलितांची, आदिवासींची, भटक्यांची, मोहल्ल्यातली, ऊसतोडवाल्यांची, वीटभट्टीवाल्यांची. त्या शाळेतल्या मास्तरच्या डोक्यात काय भरलं जातंय आणि काय अजून काढलं जात नाही, हा प्रश्न आपला नाही तर कुणाचा? शिवाय फळ्याच्या पलीकडच्या बाजूलाही आता आपली माणसं उभी आहेत. घरातला पहिला शिकलेला पोरगा डी.एड. होतो, वर्षानुवर्षं भरतीची वाट बघतो, आणि लागला तर आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला कितीतरी वर्षं महिना ६,००० रुपयांवर राबवलं. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले, तेही कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर. म्हणजे बाकावरही आपण आणि खडू हातात घेऊनही आपण. तेव्हा ह्या मोबाईलच्या शिकवणीकडे दोन्ही अंगांनी बघणं भाग आहे.

हे चालतं कसं ते आधी बघा. वरून आदेश येतो. अमुक तारखेपर्यंत अमुक घटक पूर्ण करा. मास्तरीणबाई दिवसभर शाळा करून घरी येतात, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, सासूचं औषध. मग रात्री साडेदहाला मोबाईल ओट्यावर टेकवून व्हिडिओ लावतात. व्हिडिओ चालतो, बाई भांडी घासतात. दोघंही आपापल्या वेगानं. मग चाचणी. निष्ठाच्या कोर्सात सर्टिफिकेटसाठी ७० टक्के लागतात. उत्तरं कुठून येतात हे मी सांगायला नको, ज्यांच्या घरात मास्तर आहे त्यांनी त्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप बघावा. सर्टिफिकेट निघालं की त्याचा फोटो केंद्रप्रमुखाकडे. केंद्रप्रमुखाची यादी गटशिक्षणाधिकाऱ्याकडे. तिथून जिल्ह्याला. जिल्ह्याचा तक्ता पुण्याला, पुण्याचा दिल्लीला. तालुका शंभर टक्के प्रशिक्षित! टाळ्या! आणि त्याच तालुक्यात पाचवीचं पोर दुसरीचा धडा अडखळत वाचतंय.

पण लगेच मास्तरांना शिव्या घालायला सुरुवात करू नका. शिव्या घालायला सोपा माणूस सापडला की खरा धनी सुटतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं की शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला लावायचं नाही. ही तीनच कामं पोटभर आहेत, त्यात मतदार याद्या घेऊन दारोदार फिरणं आलंच. वर खिचडीचा हिशेब, आधारची जुळवाजुळव, आज ही लिंक भरा, उद्या ती माहिती तातडीनं पाठवा. कोरोनात ह्याच मास्तरांना नाक्यानाक्यावर उभं केलं, रेशन दुकानावर बसवलं, घरोघर सर्व्हेला पाठवलं. ह्या सगळ्यातून उरलेला वेळ म्हणजे त्याची 'स्वयंगती'. आपल्या वेगानं म्हणजे आपल्या झोपेतून. आपल्या सोयीनं म्हणजे आपल्या खर्चानं. मोबाईल त्याचा, रिचार्ज त्याचा, रविवार त्याचा. बारा वर्षं नोकरी झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षं झाली की निवडश्रेणी, ही वाढ मिळवायची तर प्रशिक्षणाचा कागद लागतो. २०२२ साली राज्यानं ते प्रशिक्षण ऑनलाइन घेतलं आणि माणशी २,००० रुपये भरून घेतले. कामगाराला हत्यार मालकानं द्यायचं असतं. इथं कामगारानं स्वतःच्या पैशानं हत्यार घ्यायचं, स्वतःच्या वेळात त्याला धार लावायची आणि वर मालकाला फी द्यायची! आणि याला नाव काय, तर व्यावसायिक विकास.

ह्यात आणखी एक मेख आहे. ती मला गोदीत कळली. आमच्या एका ठेकेदारानं सेफ्टीचं ट्रेनिंग मोबाईलवर आणलं. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ, अर्धा हिंदी, अर्धा इंग्रजी. खाली चौकोन, चौकोनात टिक. टिक केली की तू ट्रेंड. हेल्मेट तेच फुटकं, स्लिंग तीच झिजलेली. मग एकाच्या पायावर माल आला तेव्हा ठेकेदारानं पहिल्यांदा काय काढलं? त्या टिकचा कागद. ह्याला शिकवलं होतं, ह्यानं पाळलं नाही. दोस्तहो, ट्रेनिंग कामगाराच्या जिवासाठी नव्हतंच, ते ठेकेदाराच्या बचावासाठी होतं. मास्तरांच्या सर्टिफिकेटाचं काम ह्याहून फार वेगळं नाही. उद्या पोरं वाचत नाहीत म्हणून बोंब झाली की सरकार पोर्टल उघडून दाखवील, आम्ही तर सगळ्यांना शिकवलंय, हे बघा आकडे. शाळेत मास्तर कमी, दोन मास्तर पाच इयत्ता ओढतायत, संडासला पाणी नाही, ते सगळं त्या हिरव्या टिकखाली गाडलं जाईल.

आता दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर आपणही भाषणबाजच.

मोबाईल यायच्या आधीचं प्रशिक्षण काही सोन्याचं नव्हतं. राज्याला शिकलेला जिल्ह्याला शिकवणार, जिल्ह्याला शिकलेला तालुक्याला. वरून दुधाची बादली निघायची, खाली येईस्तोवर पांढरं पाणी. तालुक्याच्या हॉलमध्ये एक साहेब पुस्तिका मोठ्यानं वाचायचा, बाकीचे डुलक्या घ्यायचे, चहा-बिस्किट, मस्टरवर सही, भत्ता. आणि जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाबरोबर डबा उघडायचा हे ठरलेलं. आडनाव विचारून पंगत बसायची. आपल्या बाईनं शंका विचारली तर मागून खुसखुस, ही कोट्यातली. ह्या हॉलसाठी मी रडणार नाही. मोबाईल निदान आडनाव विचारून हसत तरी नाही. भामरागडच्या एकशिक्षकी शाळेतल्या पोराला अपूर्णांक कसा शिकवावा याचा चांगला पाठ फुकटात, मराठीत, दहादा मागं नेऊन बघता येत असेल तर ती वाईट गोष्ट कशी? तान्हं लेकरू असलेल्या बाईला तालुक्याचे हेलपाटे वाचत असतील तर ते वाचलेच पाहिजेत.

आणि एकट्यानं शिकणं तर आपल्या रक्तातलं आहे. आपल्याला कुणी शिकवलंच नाही तर काय करणार? दिव्याखाली, नाक्यावरच्या लायटीखाली, जुन्या बाजारातली पुस्तकं आणून आपण वाचलं. एकलव्यही एकटाच शिकला होता, आपापल्या वेगानं. त्याला सर्टिफिकेट द्यायला द्रोणाचार्य आला तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा स्वतः शिकण्याला माझा विरोध असायचं कारण नाही. पण एकलव्याच्या शिकण्यावर दुसऱ्या कुणाचं आयुष्य टांगलेलं नव्हतं. मास्तरच्या शिकण्यावर चाळीस पोरांचं टांगलेलं असतं. इथंच सगळा फरक पडतो.

मास्तरला शिकायच्या गोष्टी दोन जातीच्या. एक अपूर्णांकाची. ती पडद्यावर शिकता येते. दुसरी गोष्ट त्याच्या नजरेची. वर्गात शिरल्यावर तो कुणाकडे बघून बोलतो, कुणाची वही हातात घेतो आणि कुणाची लांबूनच बघतो, झाडू कुणाच्या पोराला देतो, 'तुमच्यात असंच असतं' हे वाक्य कुणाला ऐकवतो, स्कॉलरशिपचे फॉर्म भरताना वर्गासमोर कुणाला मोठ्यानं जात विचारतो. ही गोष्ट एकट्यानं शिकता येत नाही. कारण ती त्याला दिसतच नाही. ज्याला दिसते तो मागच्या बाकावर बसलाय, आणि त्याला बोलायची परवानगी नाही.

हे मी आज नव्यानं सांगत नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेच्या मास्तरबद्दल त्यांनी काय मागितलं? मास्तर शिकवून तयार केलेला हवा. पण तेवढं म्हणून ते थांबले नाहीत. तो शक्यतो कष्टकऱ्यांमधून यावा, पोरांत मिसळणारा असावा, सोवळं सांभाळत लांब उभा राहणारा नसावा. आणि त्याला पगार नीट द्या, निदान बारा रुपये. मिसळणं आणि पगार! जवळजवळ दीडशे वर्षं झाली. सरकारनं त्यातलं फक्त प्रशिक्षण उचललं, आणि तेही असं की ज्यात मास्तरला कुणात मिसळावं लागत नाही. सावित्रीबाईंचंच घ्या. नगरला फॅरारबाई, पुण्याला मिचेलबाई, यांच्या हाताखाली त्या शिकवायला शिकल्या. माणसाच्या हाताखाली माणूस शिकला. मग शेणाचे गोळे अंगावर झेलत त्या शाळेत गेल्या. ते बळ चाचणीत ७० टक्के मिळवून येत नसतं.

आणि बाबासाहेबांचं गोणपाट? साताऱ्याच्या शाळेत ते घरून गोणपाट आणायचे आणि घरी न्यायचे, कारण शाळेचा झाडूवाला त्याला शिवत नसे. शिपाई नसेल तर पाणी नाही. त्या शाळेतल्या मास्तरांना काय गणित येत नव्हतं? येत होतं. भूगोल येत नव्हता? येत होता. ते त्या काळच्या हिशेबानं पुरेपूर लायक मास्तर होते. त्यांच्या लायकीत गोणपाट बसत होतं, एवढंच.

ते दिवस गेले म्हणता? २०२२ च्या जुलैत राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांच्या एका दलित पोराला मास्तरनं मारल्याचा गुन्हा नोंदला गेला, ऑगस्टमध्ये पोरगं दवाखान्यात मेलं, मास्तरला अटक झाली. घरच्यांनी सांगितलं, माठातलं पाणी प्यायला म्हणून मारलं. मग देशात वाद कशावर रंगला? माठ होता की नव्हता यावर. पोराला मारायचंच नाही, हे २००९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमात लिहिलंय, त्यावर कुणाला बोलायचं नव्हतं.

आता निष्ठाचे ते अठरा घटक काढा. समावेशक वर्ग आहे, लिंगभाव आहे, आरोग्य आहे, कलेतून शिक्षण आहे, तंत्रज्ञान आहे, मुलांचे हक्क आणि पॉक्सो कायदा आहे. चांगलं आहे, असायलाच पाहिजे. पण अठरांपैकी एकाही घटकाच्या नावात जात हा शब्द नाही. ज्या देशात पोरगं शाळेत पाऊल ठेवायच्या आधी त्याची जात शाळेत पोचलेली असते, तिथं मास्तरला घडवणाऱ्यांना ह्या शब्दासाठी एक मथळा सापडला नाही! सगळं 'वंचित', 'विविधता', 'सर्वसमावेशक' असल्या गुळगुळीत शब्दांत गुंडाळायचं. हे शब्द कुणाला टोचत नाहीत, म्हणून तर ते निवडलेत.

बरं, समजा उद्या जातीचाही घटक आला. चाचणीत प्रश्न येईल, सर्व विद्यार्थ्यांना कशी वागणूक द्यावी? (अ) जातीनुसार (ब) गुणांनुसार (क) समान (ड) यांपैकी नाही. कुठला मास्तर (अ) वर बोट ठेवील? कट्टरातला कट्टर माणूस (क) दाबील, शंभर टक्के घेईल, सर्टिफिकेट फ्रेम करून लावील, आणि सकाळी वर्गात जाऊन आपल्या पोराला म्हणेल, जा रे, तेवढा संडास झाडून घे. स्वयंगतीच्या शिकवणीत त्याला अडवणारा कुणी नाही. मोबाईल त्याला विचारत नाही की बाबा, तुझ्या वर्गात पाण्याचा पेला कोण भरतो? हजेरी घेताना कुणाचं नाव तू तोडून हाक मारतोस? जो प्रश्न विचारत नाही त्याच्यापुढं सगळेच पुरोगामी.

गोदीत नवा पोरगा आला की त्याला टोळीत घालतात. वजन कसं घ्यायचं, कंबर कुठं वाकवायची, स्लिंगखाली का उभं राहायचं नाही, हे त्याला म्हातारा गडी शिकवतो. कसा? बाजूला उभा राहून. चुकलं की तिथल्या तिथं ओरडतो, कधी आईवरून शिवी घालतो. त्याला ओरडावंच लागतं, कारण ह्याचं चुकलं तर त्याचाही पाय जायचा. टोळीतलं शिकणं असं एकमेकांच्या जिवाला बांधलेलं असतं. आता त्या टोळ्या कमी झाल्या. कंटेनर आला. चाळीस फुटी पेटी, तिला सील. आत काय आहे, भिजलंय की सडलंय, कुणी बघत नाही. सीलचा नंबर कागदाशी जुळला की माल पोचला. ऑनलाइन प्रशिक्षण हा ज्ञानाचा कंटेनर आहे. दिल्लीत भरला, पुण्याहून निघाला, मास्तरच्या मोबाईलवर उतरला, सर्टिफिकेटचं सील जुळलं. पेटी उघडून वर्गात माल किती निघाला हे बघायला धक्क्यावर कुणीच नाही.

आणि व्यवस्थेला ते सोयीचंच आहे. माणसं एकत्र बसली की बोलतात. बोलली की कुरकुर जुळते. कुरकुर जुळली की मागणी होते. हजार मास्तर हजार घरांत हजार मोबाईलपुढं बसले की काय होतं? काही होत नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी संपावर गेले, त्यात मास्तर होते. एकत्र आले म्हणूनच सरकारला बोलणी करावी लागली. मी त्या संपाच्या बाजूचा आहे. म्हातारपणी माणसाला भाकरी पाहिजे. पण मास्तरांनो, राग मानू नका, पेन्शनसाठी एकत्र येता येतं, मग आपल्या वर्गातल्या जातीवर बोलायला एकदा तरी एकत्र बसलात का? तुमच्या संघटनांच्या अधिवेशनात हा विषय पत्रिकेवर कधी शेवटून पहिला तरी येतो का?

एवढं बोलून मोबाईल समुद्रात फेका असं मी म्हणणार नाही. यंत्र फोडून कामगाराचं भलं झालेलं नाही. यंत्र कुणाच्या हातात, हा प्रश्न. तेव्हा मागायचं काय ते सरळ मांडतो.

पहिलं, प्रशिक्षण हे काम आहे, तर ते कामाच्या तासात झालं पाहिजे. त्या ५० तासांची जागा वेळापत्रकात दाखवा. रिचार्ज आणि यंत्र सरकारचं. पगारवाढीच्या प्रशिक्षणाला एक पैसा फी नाही.

दुसरं, पडद्यानं पडद्याचं काम करावं. पाठ, माहिती, नमुने तिथं ठेवा, मास्तर आपल्या सवडीनं बघतील. पण त्यानंतर माणसं बसली पाहिजेत. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला असते. तिथं आज परिपत्रकं वाचली जातात. त्याऐवजी दहा शाळांच्या मास्तरांनी समोरासमोर सांगावं, ह्या महिन्यात व्हिडिओत बघितलेलं मी वर्गात केलं, हे जमलं, हे फसलं, हे पोर अजून वाचत नाही, काय करू? एकमेकांच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर तासभर बसावं आणि तिथून काय दिसलं ते तोंडावर सांगावं.

तिसरं, जात नावानिशी आली पाहिजे. तिचा घटक आपल्यातल्या शिक्षकांनी लिहावा, ज्यांनी स्वतः मागच्या बाकावर दिवस काढलेत त्यांनी. वस्तीतल्या आयांचं म्हणणं त्यात आलं पाहिजे. आणि त्याची परीक्षा मोबाईलवर नको. त्याची परीक्षा वर्गात.

चौथं, सर्टिफिकेटं मोजणं बंद करा. मोजायचंच असेल तर हे मोजा, मागच्या बाकावरचं पोर आता वाचतं का? शाळेत येतं का? सातवीनंतर टिकलं का?

हे सरकार आपण होऊन करील अशी आशा धरून बसायला आपण काही भक्त नाही. आपल्या हातात काय आहे ते बघा. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिलीय. तिच्यात तीन चतुर्थांश माणसं पालक असावी लागतात, दुर्बल घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते, निम्म्या बाया असतात. बहुतेक ठिकाणी ह्या समित्या कागदावर चालतात. शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो, आई अंगठा देते. दोस्तहो, मोर्च्यात आपण हजारांनी जातो. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या समितीच्या मीटिंगला आपल्यातले किती जण आपल्या आईला, वहिनीला सोबत घेऊन गेलेत? जा. मीटिंगची तारीख विचारा. रजिस्टर उघडून मागा. आणि मास्तरांना, बाईंना अगदी अदबीनं एकच विचारा, गुरुजी, ह्या वर्षी मोबाईलवर काय काय शिकलात? आता ते आमच्या पोरांना कसं शिकवता, आम्हाला वर्गात बसून बघायचंय.

ज्यानं खरंच काही शिकलंय तो मास्तर खूश होईल. असे मास्तर आहेत, सगळ्या जातीत आहेत, आणि त्यांच्या मागं आपण उभं राहिलं पाहिजे, कारण त्यांना विचारणारंही कुणी नाही. जो नुसती सर्टिफिकेटं गोळा करतोय त्याच्या कपाळाला घाम फुटेल. आणि पुढच्या महिन्यात मीटिंगला आई बसलेली असेल, वहिनी बसलेली असेल, तर तो घाम त्याला सर्टिफिकेटापेक्षा जास्त शिकवील.

आपल्यातले जे शिक्षक झालेत, त्यांना शेवटचं. भावांनो, बहिणींनो, तुम्ही रात्री एकटे बसून टिक मारताय हे आम्हाला माहीत आहे. नोकरी टिकवायची आहे, मारा. पण महिन्यातून एक रविवार वस्तीतल्या बुद्धविहारात या. तुमचा मोबाईल घेऊनच या. तो व्हिडिओ सगळ्यांच्या मधोमध लावा. आम्ही बघू, पोरं बघतील, आया बघतील. कुठं खरं बोललाय, कुठं गुळगुळीत बोललाय, ते आम्ही सांगू. आणि मग तुमच्या वर्गात उद्या काय करणार ते तुम्ही सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा.

शेजारच्याच्या कानावर पडेल असं.

जय भीम.